मंडळीचा पैसा बिनव्याजी बाहेर पडतो तेव्हा

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ‘इमारत निधी’ म्हटलं की चर्चचं छत, फरशी, हॉल आणि कंपाउंडची भिंत एवढंच डोळ्यांपुढे येतं. गरिबांच्या वाट्याला नाताळात ब्लँकेटं आणि जूनमध्ये वह्या. ब्लँकेटं वाटणाऱ्यांत मीही असते, ते काम थांबावं असं मला मुळीच वाटत नाही. पण तेवढ्यावर मंडळीचं कर्तव्य संपतं हे मला पटत नाही. ते का, हे सांगायला तुम्हाला न्यू यॉर्कमधल्या ब्रुकलिनला न्यावं लागेल. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

ब्रुकलिनच्या पूर्व भागात ब्राउन्सविल आणि ईस्ट न्यू यॉर्क या दोन वस्त्या आहेत. 1960 आणि 70 च्या दशकांत त्या अक्षरशः जळून गेल्या. बँकांनी तिथे कर्ज देणं बंद केलं. घरमालकांनी दुरुस्त्या सोडल्या, काहींनी तर विम्याच्या पैशांसाठी स्वतःच्याच इमारती पेटवून दिल्या. ज्यांना जमलं ते निघून गेले. मागे राहिली ती बहुतेक कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन कष्टकरी कुटुंबं. ती ज्यांत दर रविवारी जमायची, ती चर्चही राहिली.

1980 च्या सुमारास इथल्या कॅथलिक, बॅप्टिस्ट, लूथरन अशा मंडळ्यांनी मिळून ‘ईस्ट ब्रुकलिन चर्चेस’ ही संघटना उभी केली. सॉल अलिन्स्की यांनी 1940 मध्ये शिकागोत सुरू केलेल्या, वस्त्यांतल्या लोकांना संघटित करणाऱ्या इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशन या संस्थेचे कार्यकर्ते त्यांच्या मदतीला होते. या लोकांचा एक लोहनियम आहे : माणसाला जे स्वतः करता येतं, ते त्याच्यासाठी दुसऱ्याने कधीही करायचं नाही. म्हणून संघटनेचा खर्च मंडळ्यांच्या वर्गणीतून चालायचा. सरकारचा पैसा घ्यायचा आणि सरकारशीच भांडायचं, हे जमत नाही हे त्यांना माहीत होतं.

आणि या लोकांनी सुरुवात घरांपासून केली नाही! मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. वस्तीत रस्त्यांच्या नावाच्या पाट्याच उरल्या नव्हत्या, त्या पालिकेकडून बसवून घेतल्या. किराणा दुकानांत शिळं मटण विकलं जायचं, वजनात मारलं जायचं. मंडळीतल्या बायाबापड्या गटागटाने दुकानांत शिरल्या, मटण हुंगून पाहिलं, वजनं तपासली आणि मालकांकडून सुधारणा लिहून घेतल्या. पाटी काय किंवा मटण काय, मागणी इतकी छोटी की जिंकता येईल. पण एकदा जिंकलं की पालिकेच्या दारात उभं राहताना पाय लटपटत नाहीत. आपण नेमकी हीच पायरी गाळतो. आधी आराखडा, मग देणगीदार, मग उद्‌घाटनाची कोनशिला, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते कार्यक्रमाच्या दिवशी शेवटच्या रांगेत.

आय. डी. रॉबिन्स नावाचे एक बांधकाम व्यावसायिक तेव्हा वर्तमानपत्रात सदर लिहायचे. एकेका कुटुंबाची दुमजली विटांची घरं ओळीने, मोठ्या संख्येने बांधली तर ती कष्टकऱ्याला परवडतील, हे त्यांचं म्हणणं. संघटनेने त्यांना गाठलं. तुरळक पाच-पन्नास घरं बांधली तर आजूबाजूचं उजाडपण त्यांना गिळून टाकेल, म्हणून योजना ठरली ती थेट 5,000 घरांची. नाव दिलं नहेम्या, म्हणजे बायबलमधला, यरुशलेमेचा पडलेला कोट (तटबंदी) पुन्हा बांधणारा. ईस्ट न्यू यॉर्कच्या सेंट पॉल कम्युनिटी बॅप्टिस्ट चर्चचे पाळक जॉनी रे यंगब्लड या कामाच्या आघाडीवर होते.

संडेस्कूलमध्ये आपण नहेम्याचा कोट शिकतो, 52 दिवसांत पुरा झालेला. पण त्याच पुस्तकाचा पाचवा अध्याय किती पाळक उपदेशाला घेतात? गरीब लोक ओरडत येतात की धान्यासाठी आमची शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली. नहेम्या संतापतो आणि सरदारांना सांगतो, व्याज सोडा, घरं परत करा. ब्रुकलिनच्या चर्चांनी नेमकं हेच केलं असं मी मानते. कॅथलिक बिशप फ्रान्सिस मुगाव्हेरो यांचा धर्मप्रांत, लाँग आयलंडचा एपिस्कोपल धर्मप्रांत आणि लूथरन चर्चचा मिसूरी सिनॉड यांनी लाखो डॉलर दिले, तेही देणगी म्हणून नव्हे, बांधकामासाठी बिनव्याजी कर्ज म्हणून. घर विकलं गेलं की पैसा परत निधीत यायचा आणि पुढची ओळ सुरू व्हायची.

या पैशाच्या बळावर संघटनेचे लोक न्यू यॉर्कचे महापौर एड कॉच यांच्यासमोर बसले. पालिकेने ओसाड पडलेली जमीन दिली, करात सवलत दिली आणि प्रत्येक घरामागे 10,000 डॉलरचं बिनव्याजी कर्ज दिलं, जे मालकाने पुढे कधी घर विकलं तर तेव्हा फेडायचं होतं. बाजारात गृहकर्जाचे दर 13 टक्क्यांच्या वर असताना राज्याच्या संस्थेने कमी दराने कर्ज दिलं. ऑक्टोबर 1982 मध्ये हजारो लोकांच्या साक्षीने पहिली कुदळ पडली. पहिल्या घरांची किंमत 50,000 डॉलरच्या आत बसली. पालिकेच्या उंच भाडेइमारतींत राहणारी कितीतरी कुटुंबं इथे पहिल्यांदा घरमालक झाली.

आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. एवढ्या मोठ्या शहरात दोन मजलेच बांधणं म्हणजे जमीन वाया घालवणं, असं नियोजनकार म्हणत राहिले. माझं मत विचाराल तर त्या काळी, त्या उजाड भागात, दोन मजलेच बरोबर होते. दार, पायऱ्या आणि अंगण आपलं असलं की माणूस रस्त्यावर लक्ष ठेवतो. दुसरा आक्षेप मात्र मला टोचतो. हप्ता फेडायला पक्की नोकरी हवी. ज्यांना तीही नव्हती, ते अगदी तळाचे लोक या योजनेबाहेर राहिले. त्यांना भाड्याचीच घरं हवी होती. चर्चांनी तेही काम तेवढ्याच जोराने करायला हवं होतं.

तरी 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे 2,300 घरं उभी राहिली. पुढे स्प्रिंग क्रीकमध्ये आणखी झाली, ब्रुकलिनच्या जुन्या नौदल गोदीतल्या कारखान्यात तयार होऊन आलेली. 2008 च्या मंदीत अमेरिकेत लाखो घरं जप्त झाली, पण नहेम्याची अगदी मोजकी.

आता आपल्याकडे या. आपल्या शहरांत मिशन कंपाउंड, म्हणजे मिशनऱ्यांच्या काळापासूनची चर्चची आवारं, आहेत, मोक्याच्या जागी. काही विकली गेली, काही वादात अडकली, काही बिल्डरच्या हाती गेली. जमीन मंडळीची, निर्णय चार विश्वस्तांचा. आणि त्याच कंपाउंडच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत आपलेच सभासद दहा बाय दहाच्या खोलीत भाडं भरतात.

येत्या वार्षिक सभेत मी आमच्या कमिटीपुढे दोन गोष्टी मांडणार आहे. मुदत ठेवीत पडून असलेल्या इमारत निधीचा एक भाग बाजूला काढून घरदुरुस्तीसाठी आणि भाड्याच्या अनामत रकमेसाठी बिनव्याजी कर्ज द्यावं. आणि त्याआधी वर्षभर, वस्तीतल्या बायकांनी स्वतः ठरवलेल्या पाणी-गटाराच्या मागण्या घेऊन वॉर्ड ऑफिसात जावं, पाळकांसकट. तुमच्या मंडळीत असं काही मांडायचं असेल तर मला मेसेज करा, अर्जाचा मसुदा पाठवते.