शिबिर, हक्कसोड आणि तात्यांचा राग

परवाच्या कायदेविषयक शिबिराचा विषय कट्ट्यावर निघणार हे ठरलेलेच होते, पण तो तात्याच काढतील आणि तोही खाली बसायच्या आत, असे कुणालाच वाटले नव्हते. हातातल्या वर्तमानपत्राची गुंडाळी तळहातावर आपटत त्यांनी उभ्या उभ्याच निकाल दिला. "वकिलांची समाजसेवा म्हणजे पुढच्या अशिलांची पेरणी आहे. लिहून घ्या!"

शिबिरात तासभर बोललेल्या वकीलताई तिथेच बसलेल्या होत्या. एरवी त्या तात्यांचे बोलणे हसून सोडून देतात. या वेळी मात्र त्यांनी शांतपणे विचारले, "तात्या, शिबिरात भेटलेल्या किती लोकांचे वकीलपत्र मी आजवर घेतले असेल?" तात्या म्हणाले, "ते तुम्हालाच ठाऊक." त्यावर ताई म्हणाल्या, "एकाचेही नाही. जाहिरात करून काम मिळवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. शिबिरात कुणाला वकिलाची गरज दिसली, तर मी त्याचा अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे भरून देते आणि वकील समिती नेमते. त्याच नियमांमध्ये असेही लिहिले आहे की ज्याला फी परवडत नाही त्याला आपल्या ऐपतीप्रमाणे मोफत साहाय्य देणे, हे वकिलाचे समाजाप्रति असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे. मी उपकार करायला जात नाही, तात्या. सनद घेतली तेव्हाच ते काम माझ्याकडे आले."

तात्यांनी लगेच मोर्चा बदलला. फुकटचा वकील फुकटाइतकेच काम करतो, सरकारी खर्चाने मिळालेला वकील तारखेलाच येत नाही आणि आला तर कागद न वाचता येतो, असे त्यांचे म्हणणे. येथे आमच्या शिरस्तेदार अण्णांनी मान डोलावली, तेव्हा तात्यांना फार बरे वाटले. अण्णांची सारी नोकरी न्यायालयात गेली असल्यामुळे त्यांच्या मान डोलावण्याला कट्ट्यावर वजन आहे. पण अण्णा तेवढ्यावर थांबले नाहीत. "असे वकील मी पाहिले आहेत," ते म्हणाले, "आणि भरपूर फी घेऊन तारखेला न येणारेही पाहिले आहेत, त्यांच्यापैकी दोघे तर तुम्हीच नेमलेले होते." तात्यांचा बांधाचा दावा कट्ट्यावर सर्वांना तोंडपाठ असल्यामुळे यापुढे कुणाला काही सांगावे लागले नाही.

हशा ओसरल्यावर ताईंनी मूळ प्रश्नाला हात घातला, आणि मला वाटते त्या संध्याकाळचे सर्वांत मोलाचे बोलणे तेच होते. मोफत विधी साहाय्याच्या दर्जाबद्दलची तक्रार खरी आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता मान्य केले. त्यासाठीच 2022 मध्ये लोकअभिरक्षक कार्यालयांची योजना आली. तिथले वकील पूर्ण वेळ आरोपींच्या बचावाचेच काम करतात आणि खासगी प्रकरणे घेत नाहीत. "पण त्याच्याही आधीची अडचण वेगळी आहे," त्या म्हणाल्या. "आपल्याला वकील मिळू शकतो, हेच माणसाला माहीत नसते. घटनेत 39-अ हे कलम 1976 मध्ये आले, विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा 1987 मध्ये झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला. त्या कायद्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली माणसे यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. मी शिबिरात विचारले, 'हे कुणाला ठाऊक होते?' एकही हात वर आला नाही. त्या सभागृहात निम्म्याहून अधिक बायका बसल्या होत्या, तात्या."

"माहीत नाही तर विचारावे," तात्या म्हणाले. "कायद्याचे अज्ञान ही सबब होत नाही. लिहून घ्या!"

या वाक्याची ताई जणू वाटच पाहत होत्या. सुक दास नावाच्या माणसाची हकीकत त्यांनी सांगितली. अरुणाचल प्रदेश तेव्हा केंद्रशासित होता. धमकी दिल्याच्या आरोपावरून या माणसाचा खटला वकिलाशिवाय चालला आणि त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. उच्च न्यायालयानेही तात्यांसारखेच म्हटले, की त्याने वकील मागितलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये ती शिक्षा रद्द केली. ज्याला आपला हक्कच ठाऊक नाही तो तो हक्क मागणार कसा, असा त्या निकालाचा रोख होता. आरोपीला वकिलाचा हक्क आहे हे न्यायाधीशानेच त्याला सांगितले पाहिजे, असे न्यायालयाने बजावले आणि कायद्याची साक्षरता हा विधी साहाय्याचाच भाग मानला. "अज्ञानाची सबब चालत नाही, हे वाक्य आपण गरिबाच्या तोंडावर फेकतो. ज्याचे काम सांगण्याचे होते त्याला मात्र, 'तू का सांगितले नाहीस?' असे कुणीच विचारत नाही."

यावर बराच वेळ तात्यांना बोलता आले नाही. अण्णांनी तेवढ्यात बिहारच्या तुरुंगांची गोष्ट काढली. दोषी ठरले असते तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ तिथे कच्चे कैदी खितपत पडले होते. पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी वर्तमानपत्रातील बातम्यांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यातून 1979 चे हुसैनारा खातून प्रकरण उभे राहिले आणि हजारो कैद्यांच्या सुटकेची वाट मोकळी झाली. "बातमी सगळ्यांनीच वाचली होती," अण्णा म्हणाले, "अर्ज मात्र एका वकीलबाईंनी केला." आपल्या तालुक्यातल्या ज्या वकिलांनी हार-तुऱ्यांच्या उद्घाटनानंतरही थांबून लोकांचे कागद वाचून दिले, त्यांना मी याच परंपरेतले मानतो. निव्वळ छायाचित्रापुरते आलेल्यांबद्दल तात्या काय म्हणतात ते म्हणोत, माझी हरकत नाही.

मग ताई म्हणाल्या, की खटल्यापेक्षा सहीच्या आधी सांगितलेला कायदा अधिक उपयोगी पडतो. परवा त्यांनी सर्वाधिक वेळ हक्कसोडपत्रावर, म्हणजे मिळकतीतला आपला वाटा सोडून देण्याच्या कागदावर, घालवला होता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानेच आहे, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने तो देशभर मान्य झाला आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. तरीही 'नुसती सही कर' एवढ्याच शब्दांवर बहिणी नोंदणी कार्यालयात उभ्या राहतात. कागद नोंदवला गेल्यावर वकिलाकडे येऊन रडण्यात फारसा अर्थ उरत नाही. ताईंनी बायकांना एवढेच सांगितले होते, की सही करायची तर खुशाल करा, पण आपण काय सोडतो आहोत ते आधी कुणाकडून तरी वाचून घ्या.

"हेच! हेच ते!" तात्या एकदम उसळले. "घरे फोडण्याचे शिक्षण आहे हे!"

अण्णांनी चष्मा पुसत पुसत विचारले, "तात्या, धाकट्या बहिणीने सही केली का हो?"

तात्यांच्या हातातली गुंडाळी थांबली. बराच आग्रह झाल्यावर त्यांनी सांगितले, की धाकटी परवा शिबिराला गेली होती, आल्यावर तिने कागद मागून घेतला, दोनदा वाचला आणि "विचार करून कळवते" असे म्हणून निघून गेली. त्यानंतर जो हशा उसळला त्यात तात्यांचा राग पार वाहून गेला. कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाची, विषयाशी काही संबंध नसलेली पोरेसुद्धा हसू लागली.

ताई मात्र हसल्या नाहीत. त्या तात्यांच्या जवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "तिने नाही म्हटलेले नाही, ती विचार करते आहे. तिचा वाटा काय होतो तो तिच्यासमोर मांडा. एकमत झाले तर तडजोड लोकअदालतीत दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल होण्याआधीचे, प्रकरण म्हणून नोंदवून घेऊ. आणि बांधाचा दावाही तिथे ठेवा. तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते."

"आणि नाही पटले तर अपील?" तात्यांनी विचारले.

"तडजोडीच्या निवाड्यावर अपील नसते."

"अपीलच नाही?" तात्या इतक्या खऱ्या दुःखाने उद्गारले, की अण्णांनाही चष्मा काढून डोळे पुसावे लागले. घरी निघताना तात्यांनी लोकअदालतीची पुढची तारीख विचारून घेतली. ती गुंडाळीच्या कोपऱ्यावर टिपून घ्यायला पेन त्यांना ताईंनीच दिले.