हार्डनर वाढवला की पार्ट मजबूत होतो? नाही हो भाऊ

घरी फायबरचे पार्ट बनवणाऱ्या आपल्या नागपूरच्या पोरांमध्ये एक मेसेज फिरून राहिला आहे, की इपॉक्सीत (फायबरला बांधून कडक करणारं दोन भागांचं रसायन) हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारा दुसरा भाग, दुप्पट टाका, पार्ट लवकर सुकतो अन् दगडासारखा होतो. हे साफ चुकीचं आहे, कृपया पुढे पाठवू नका.

इपॉक्सीत रेझिन (मुख्य चिकट द्रव) अन् हार्डनर एकमेकांशी जुळून घट्ट होतात, म्हणून डब्यावर वजनाने रेझिन 100 ला हार्डनर 10 लिहिलं असेल तर 10च, अन् तेही वजनकाट्यावर मोजून, अंदाजपंचे नाही. जास्तीचा हार्डनर जोडीला रेझिनच न मिळाल्याने तसाच आत अडकतो, मग पार्ट लिबलिबीत राहते, वर चिकट थर येते, नख दाबलं तर खूण उमटते.

हा गोंधळ पॉलिएस्टर या दुसऱ्या रेझिनमुळे झाला आहे. त्यात एमईकेपी हा कॅटलिस्ट, म्हणजे रेझिन घट्ट व्हायची क्रिया सुरू करणारा द्रव, असतो, साधारण 1 ते 2 टक्के, तो हवामानाप्रमाणे कमीजास्त करता येतो. पण तो कोबाल्टमध्ये (ही क्रिया वेगात करणारं दुसरं रसायन) थेट कधीच मिसळू नका, भडका उडतो! आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच एमईकेपी.

अन् आपल्या मे महिन्यात, 45 डिग्रीत, इपॉक्सीला घाई करायची गरजच काय? तापमान 10 डिग्री वाढलं की मिश्रण घट्ट होण्याआधी हाताशी असलेला वेळ जवळपास अर्धा होतो, भरलेल्या ग्लासात तर मिश्रण स्वतःच तापून धूर सोडते, प्लास्टिकचा ग्लास वाकतो. स्लो हार्डनर घ्या, थोडं थोडं कालवा, पसरट ट्रेमध्ये ओता अन् काम सकाळी ऊन चढायच्या आत उरका.