हप्ता भरायला जतला कशाला?

आज दुपारी जतमध्ये (जि. सांगली) एका पतसंस्थेच्या दारात तालुक्याच्या पूर्व भागातली एक बाई उभी होती. शेळ्यांच्या कर्जाचा 800 रुपयांचा हप्ता रुमालात बांधून आणलेला. रोखीचा काउंटर दोनला बंद. "उद्या या." एसटीला हाफ तिकीट आहे हो, पण मजुरी आख्खी बुडते. आणि तिच्या गावात ब्रँच पोस्ट आहे!

डोकं फिरतं ते सोय असूनही वापरत नाहीत म्हणून. पोस्टाची स्वतःची बँक, पोस्ट पेमेंट्स बँक, 2018 पासून आहे. स्वतः कर्ज द्यायची तिला परवानगी नाही, पण दुसऱ्यांचे हप्ते ती रोखीने घेते. 2021 मध्ये महिंद्रा रूरल हाउसिंग फायनान्सशी तसा करारही झाला. कंपनीचा हप्ता पोस्टात चालतो, आणि बाई जिची सभासद आहे त्या संस्थेचा नाही?

पतसंस्थांनीही पोस्टाशी असाच करार करावा. पण त्याआधी प्रत्येक कर्जखात्याला शाखेचा कोड जोडा. तीन शाखांत 412 नंबरचं खातं तीनदा असेल तर पैसे भलत्याच्या नावावर पडणारच. पोस्टातल्या मशीनवर नंबर टाकला की सभासदाचं नाव यायला हवं. ते वाचून दाखवायचं, मगच पैसे मोजून घ्यायचे. संध्याकाळी यादी संस्थेकडे. मेख पुढे आहे. संस्थेचं सॉफ्टवेअर जमा-नोंदीची तारीख धरतं आणि दंडव्याज लावून मोकळं होतं. म्हणून पोस्टाच्या पावतीची तारीख तीच भरणा तारीख, हे करारातच लिहून घ्या.

कर्जमंजुरी मात्र पोस्टात नको. जामीनदाराने आधी किती जणांना सह्या दिल्यात, ते संस्थेलाच माहीत. मंजूर रक्कम बाईच्या पोस्टातल्या खात्यावर टाका. आधारवर अंगठा लावून एका वेळी 10,000 च निघतात, आणि खुरप्याने झिजलेली बोटं मशीन ओळखत नाही, तेवढं धरून चला.

पोस्टमास्तरांवर मात्र डाफरू नका. ग्रामीण डाकसेवकाची चार-पाच तासांची ड्युटी, त्यात रोख ठेवायला मर्यादा, जादा झाली की थैलीतून वरच्या ऑफिसला. सगळ्यांचा हप्ता 10 तारखेला ठेवलात तर तो माणूस अडकला. गावागणिक तारखा वाटा. पिग्मी एजंटला देता तसं पावतीमागे कमिशनही द्या.

पतसंस्था बुडाल्यात, मान्य. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. मग ठेवी पोस्टात घेऊच नका, लोक सरकारची हमी समजतील. फक्त हप्ते घ्या, तेही ऑडिटला 'अ' वर्ग असलेल्या संस्थांचेच.

चेअरमनसाहेब म्हणतील, सभासद शाखेत आला की संपर्क राहतो. कसला संपर्क? आज त्या बाईकडे काउंटरवरच्या पोराने मान वर करूनही बघितलं नाही!

सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा होतील. सभासदांनो, हा विषय आत्ताच लेखी द्या, पोच घ्या. ऐनवेळच्या विषयांत ढकललात तर लोक खुर्च्या सरकवत असताना "पुढच्या वर्षी बघू" म्हणून उडवतील.