परदेशातून: तिजोरी मोजायला कोण जातंय?

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसता वाद चालला होता. मावशीची एफडी गावाकडच्या एका सहकारी बँकेत अडकली, रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, मग विम्याचे पाच लाख तेवढे हातात आले आणि वरचे सव्वादोन लाख अजून अधांतरीच आहेत. आता त्या पाच लाखांचं काय करायचं? मामा म्हणतो सहकारी म्हणजे आज ना उद्या बुडणारच, सगळं सरकारी बँकेत टाक. मावसभाऊ म्हणतो खासगी बँक घे, ॲपवर सगळं दिसतं. आणि शेवटी मला टॅग करून, "तुमच्या तिकडे असलं काही होत नाही, युरोपात सिस्टीम आहे."

मी नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमजवळच्या ॲमस्टेलवीनला राहतेय आणि मनापासून सांगते, इथेही होतं. 2008 मध्ये आइससेव्ह नावाचं एका आइसलँडच्या बँकेचं ऑनलाइन बचत खातं इथे जोरात चाललं होतं, व्याज चांगलं म्हणून लाखाच्या वर डच लोकांनी पैसे टाकले आणि ऑक्टोबरात ती बँकच कोसळली, लोकांना ठेव हमीतून पैसे मिळाले म्हणून निभावलं. पुढच्याच वर्षी इथलीच डीएसबी बँक बुडाली, तीही लोकांनी घाईघाईने पैसे काढायला सुरुवात केल्यावर.

पण मला त्याहून जुनी गोष्ट सांगायचीय, कारण मावशीच्या बँकेत जे झालं ते मला त्यात जसंच्या तसं दिसतं.

ॲमस्टरडॅमच्या डॅम चौकात जो मोठा राजवाडा आहे तो मुळात राजवाडा नव्हताच, ते टाउन हॉल होतं, आणि त्याच्या तळात शहराच्या बँकेची तिजोरी होती. विसलबँक, स्थापना 1609. त्या काळी बाजारात शेकड्यांनी प्रकारची नाणी फिरायची, कुठलं झिजलेलं, कुठलं कडेने कातरलेलं, आणि प्रत्येक व्यवहारात बट्टा. मग शहराने सांगितलं की तुमची नाणी इथे आणा, आम्ही तोलून पारखून घेऊ आणि तुमच्या नावावर गिल्डर, म्हणजे तिथलं चलन, लिहू, आणि 600 गिल्डरच्या वरची हुंडी असेल तर ती याच बँकेतून चुकती करायची. म्हणजे नाणं जागचं हलत नाही, वहीत एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जातं. लोकांचा विश्वास इतका बसला की बँकेतल्या आकड्याला बाहेरच्या खणखणीत नाण्यापेक्षा जास्त भाव यायला लागला!

1672 मध्ये फ्रान्सचं सैन्य उट्रेख्टपर्यंत आलं, लोक घाबरून पैसे काढायला धावले आणि बँकेने मागेल त्याला दिले. ॲडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की तेव्हा बाहेर आलेली काही नाणी जुन्या टाउन हॉलच्या आगीत करपलेली होती. मला हे वाचून अंगावर काटा आला होता, कारण त्या काळ्या पडलेल्या नाण्यांचा अर्थ एवढाच की ती इतकी वर्षं तिथेच होती, कोणी मधल्या मधे फिरवली नव्हती. स्मिथ हेही सांगतो की दरवर्षी नवे बर्गोमास्टर, म्हणजे शहराचे कारभारी, आले की ते तिजोरीत जाऊन वहीशी ताळा करायचे आणि शपथेवर ताबा घ्यायचे.

हे त्याने छापलं 1776 मध्ये. पण तेव्हाच आतून ईस्ट इंडिया कंपनीला उचल दिली जात होती, ती बाहेर कोणाला सांगितली जात नव्हती. ही तीच डच कंपनी, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्याला 1637 पासून होती. आणि शहराचा कारभार बघणारी घराणी आणि कंपनीच्या संचालकांची घराणी बऱ्याचदा एकच. 1780 मध्ये इंग्लंडशी युद्ध लागलं, कंपनीची जहाजं गेली, उधारी फुगत गेली, आणि 1795 मध्ये राजवट बदलल्यावर वह्या उघड झाल्या तेव्हा लोकांना कळलं की तिजोरीत जे असायला हवं ते नाही. 1819 मध्ये बँक बंदच करायचं ठरलं.

मावशीच्या बँकेतही हेच झालं ना, संचालकांच्या गोतावळ्यातल्या माणसांना कर्जं, कागदावर सगळं व्यवस्थित.

म्हणून मला मामाचं "सहकारी म्हणजे बुडणारच" अजिबात पटत नाही. ॲमस्टरडॅमची बँक सहकारी नव्हती, सरकारी म्हणावी अशीच होती. उलट इथली राबोबँक, नेदरलँड्सच्या सगळ्यात मोठ्या बँकांपैकी एक, ती मुळात शेतकऱ्यांच्या सहकारातून उभी राहिली, जर्मनीत गावोगावी सहकारी पतसंस्था उभ्या करणाऱ्या रायफायझेनच्या पद्धतीने. त्याची पद्धत साधी होती, संस्था एका गावापुरती, सगळे एकमेकांना ओळखणारे, बुडाली तर सभासदांनी स्वतःच्या खिशातून भरायचं, त्यामुळे कोणाला कर्ज देतोय यावर प्रत्येकाचा डोळा. आपल्याकडचा 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्याच अनुभवावरून आला होता. आपण सभासद झालो, शेअर घेतले, तो डोळा ठेवायचं मात्र सोडून दिलं.

मावशीने शेवटी मला फोन केला, म्हणाली मला इतिहास नको गं, कुठे ठेवू ते सरळ सांग. मी सांगितलं, पाच लाखांची हमी एका बँकेतल्या मुद्दल आणि व्याज धरून असते, म्हणून दोन बँकांत वाटून ठेव, आणि पतसंस्थेत नको कारण तिथे हा विमा लागूच होत नाही. आणि तालुक्याच्या ज्या दुसऱ्या सहकारी बँकेत ती सभासद आहे तिचा वार्षिक अहवाल काढ, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांकडे किती येणं आहे तो आकडा त्यात द्यावा लागतो, तो बघ, नाही सापडला तर सभेत उभं राहून विचार.

ती म्हणाली सभेला आम्ही आजवर फक्त भेटवस्तू आणायला जायचो. पण अहवालाचं पुस्तक तिने जपून ठेवलंय, रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघी ते पान पान बघणार आहोत, मामालाही बस म्हटलंय.