नवीन टॅटूला आठवडाभर पाणी लावायचं नाही? अहो, तो धुवायचाच असतो

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: नवीन टॅटूला आठवडाभर पाण्याचा थेंब लागू देऊ नका, पेट्रोलियम जेलीचा जाड थर देऊन ठेवा, खपली धरली की सोलून काढा म्हणजे रंग उठून दिसतो, आणि ऊन दाखवा म्हणजे लवकर सुकतो. चारही गोष्टी चुकीच्या आहेत आणि लोक खरंच तसं करतायत, म्हणून लिहितेय.

आधी पाणी. टॅटू म्हणजे जखम आहे हो, सुई 1 ते 2 मिलिमीटर आत शाई सोडते, मग पहिले दोन-तीन दिवस तिथून लस, थोडं रक्त आणि वर राहिलेली शाई पाझरत राहते, ते धुतलं नाही तर वाळून जाड खपली होते आणि घाणही अडकते. हात स्वच्छ करून, कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण घेऊन, दिवसातून दोन-तीनदा बोटांनीच हलकं धुवायचं, मग टिश्यूने टिपून घ्यायचं. पुसायचं नाही, आणि रोजचा टॉवेल तर नकोच. धुताना रंगीत पाणी उतरतं, घाबरू नका. भिजत ठेवणं मात्र वेगळं, स्विमिंग पूल, टब, समुद्र हे सगळं 3-4 आठवडे बंद. आर्टिस्टने पारदर्शक फिल्म चिकटवली असेल तर तो सांगेल तितके दिवस ठेवा, पण कड सुटून लस गळायला लागली की काढून धुवा.

जेलीचं अर्धं खरं आहे. 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने धरते. पण ओलसर म्हणजे लिबलिबीत नाही! जाड थराखाली ओल कोंडते, खपली मऊ पडून कपड्याला चिकटून निघते, पुरळही येतं. बिनवासाचं क्रीम अगदी पातळ, बोट फिरवल्यावर नुसती तुकतुकी दिसेल इतकंच.

खपलीचं वाचून तर मला वाईटच वाटलं, कारण माझ्या मनगटावर फर्नचं पान आहे आणि त्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा फिकट ठिपका आहे, नवव्या दिवशी खाज सुटली म्हणून मी नखाने एक खपली उचलली, खाली ओलं गुलाबी दिसलं आणि तिथली शाई गेली ती गेलीच. खाज येणारच, पापुद्रेही सुटणार, सनबर्ननंतर सुटतात तसे. हलकी थाप मारा, क्रीम लावा, पण नख नको. पापुद्रे गेल्यावर रंग धुरकट दिसतो, तो वरची त्वचा नवी असल्यामुळे, काही आठवड्यांत आपोआप उजळतो.

ऊन नकोच, ताज्या जखमेला ते भाजतं आणि पुढेही रंग उडवतं. जखम बंद होईपर्यंत सैल कपड्याने झाका, सनस्क्रीन त्यानंतर, एसपीएफ 30 किंवा जास्त.

आणि सगळ्यात महत्त्वाचं त्या मेसेजमध्ये नाहीच. लाली आणि सूज दिवसागणिक कमी व्हायला हवी. त्याऐवजी लाली पसरत गेली, जागा गरम लागली, पू आला, ताप भरला किंवा तिथून लाल रेघ वर सरकताना दिसली तर आर्टिस्टला फोटो पाठवून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.