पूररेषा

घरातली कामं वाटून घेतली तेव्हा डबा, शाळा आणि अभ्यास बायकोने घेतला आणि पोरीला झोपवायचं काम माझ्याकडे आलं. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. दिवा घालवायचा, पाठीवर थोपटायचं, दहा मिनिटांत मोकळं! पोरगी तेव्हा दीड वर्षाची होती आणि तिला मोजून सात शब्द येत होते. आता ती साडेचार वर्षांची आहे.

नाशिकमध्ये गंगेला (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) पूर आला की पाणी किती चढलं ते दुतोंड्या मारुतीवरून ठरतं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशा बातम्या गावभर फिरतात. आमच्या घरी हीच पद्धत आहे, फक्त मारुतीच्या जागी पलंगावर आडवा मी. नऊ वाजता बोलणं घोट्यापर्यंत असतं: शाळेत कोणी कोणाला चिमटा काढला. साडेनऊला कमरेपर्यंत: चिमट्याचं मूळ कारण आणि दोन्ही बाजूंचे साक्षीदार. दहाला बायको दारातून डोकावते, "कुठवर आलं?" मी मुकाट्याने गळ्याला हात लावून दाखवतो. त्या मारुतीला निदान दोन तोंडं आहेत. मला एकच, आणि तेही उघडायची पाळी येत नाही.

ह्या वयाच्या मुलांना दिवसभरात 10 ते 13 तास झोप लागते, हे मला पाठ आहे. आमची दुपारी डोळा मिटत नाही आणि सकाळी सातला उठायचं, म्हणजे रात्री नऊला झोपायलाच हवं. झोपायच्या तासभर आधी टीव्ही-मोबाइल बंद, उजेड मंद, सगळं करून झालं. उजेड मंद केल्यावर तिला भिंतीवर सावल्या दिसल्या. मग एकेका सावलीचं बारसं. मूल फार दमलं की झोपायच्या ऐवजी चेकाळतं म्हणतात, ते मात्र शंभर टक्के खरं. लग्नाहून आलेल्या रात्री आमच्याकडे पाणी थेट मारुतीच्या डोक्यावरून जातं.

गोष्ट सांगावी म्हटलं तर मी घोडचूक केली. आपल्या गावची म्हणून शूर्पणखेची काढली. पंचवटीत लक्ष्मणाने तिचं नाक कापलं, नाक म्हणजे नासिका, म्हणून गावाचं नाव नाशिक.

"म्हणजे आपण नाकात राहतो?"

"नाही गं. झोप."

"मग तिला सर्दी झाली तर शेंबूड कुठून येणार?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लक्ष्मणाला त्याची आई रागावली का, हेही विचारून झालं. आई अयोध्येला होती, म्हटलं. "फोन नाही केला?"

दुसऱ्या रात्री मी शहाणा झालो. जिच्यात कोणी कोणाला मारत नाही, काही घडत नाही अशी गोष्ट हवी. नदीची! आवाज खाली घेतला आणि ब्रह्मगिरीवरून निघालो. त्र्यंबकेश्वर, गंगापूर धरण, रामकुंड, पुढे पैठण, नांदेड, राजमहेंद्री, आणि मग समुद्र. चांगले 1465 किलोमीटर आहेत, कुठेतरी झोपेलच. पण नांदूरमध्यमेश्वरला पक्षी येतात, असं तोंडातून निसटलं. पक्षी रात्री शू कुठे करतात, ह्या प्रश्नावर आमची नदी अडली ती अडलीच. पैठण मी अजून पाहिलेलं नाही.

परवा मात्र नवल झालं. डिसेंबरची थंडी, दोन पांघरुणं, आणि पावणेअकराला पाणी आपोआप ओसरलं. श्वास लांब झाला. मी एक पाय हळूच जमिनीवर टेकवला, फरशी बर्फासारखी.

"बाबा."

"हं."

"उद्या द्राक्षाचं पान न्यायचंय. खरंखुरं."

दोन तास ही पोरगी बोलत होती. पाली, चिमटे, आजीची कवळी, चंद्राला दात असतात का, सगळं झालं. पान शेवटी! बायकोने मोबाइल पाहिला. दुपारी चारचा निरोप होता, 'आपलं नाशिक' आठवडा म्हणून, त्रेचाळीस "थँक्यू टीचर"च्या खाली गाडलेला.

आता जगाला आम्ही द्राक्षं पुरवतो हे ठीक, पण इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावर रात्री अकराला वेल कुठून आणू? बागा दिंडोरीला, निफाडला. माकडटोपी घालून खाली उतरलो. वॉचमनकाकांनी बॅटरी धरली. कंपाउंडच्या भिंतीवर एक वेल होता. हिरवा, तजेलदार, पान तळहाताएवढं. द्राक्षाच्या पानाला कातरे असतात, हे गुळगुळीत बदामी, पण रात्रीच्या वेळी साडेचार वर्षांच्या बाईला काय कळतंय!

वर आलो. ती उठून बसली होती. पान हातात घेतलं, उलटं केलं, नाकाला लावलं.

"बाबा, ही गुळवेल आहे. आजी ह्याचा काढा करते."

"झोप आता."

"काढा कडू का असतो?"