झारा नगरीची पाणीपट्टी

“आई, तू फक्त एक संस्कृती बनवून दे,” असं आमचे चिरंजीव एका शुक्रवारी रात्री साडेनऊला म्हणाले. आवाज तोच, ज्या आवाजात चौथीत असताना ‘उद्या शाळेत चार्टपेपर न्यायचाय’ म्हणायचे.

नववीत गेल्यापासून तो आणि त्याचे चार मित्र रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये एक खेळ खेळतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले चोर, मांत्रिक वगैरे होतात आणि अडचण आली की वीस पैलूंचा फासा टाकतात. तो फासा नेहमी सोफ्याखाली जातो आणि काढायला मी वाकते. तर, गोष्ट सांगणाऱ्याला एक अख्खं जग तयार लागतं. या वेळी सांगायची पाळी आमच्या घराची होती. “वाळवंट हवं, त्यातून जाणारी नदी हवी. बाकी तुला सुचेल ते. तीन आठवडे आहेत.”

मी बँकेत कर्जाची प्रकरणं बघते. दिवसभर लोकांची कल्पित उत्पन्नं वाचायची सवय आहे, तेव्हा एक कल्पित राज्य आपल्यालाही जमेल असं वाटलं.

पहिल्याच रात्री राजधानीचं नाव सुचलं: झारा. कसं वाळूवरून वारा गेल्यासारखं! तिचा क्रूर सेनापती ओगराळ. मुलगा खूश झाला. सकाळी मी सासूबाईंना मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. त्या गवार मोडत होत्या.

“झारा म्हणजे तळणीचा?”

मी गप्प.

“आणि ओगराळं तर आमच्याकडे वरण वाढायला असायचं. लांब दांड्याचं. पंगतीत.” त्यांनी एक शेंग मोडली. “राणीचं नाव काय ठेवलंयस, किसणी?”

राणीचं नाव मी अजून ठेवलं नव्हतं. ठेवलं असतं तर काय निघालं असतं, या विचारानं मला घाम फुटला. पण चिरंजीव नाव बदलायला तयार होईनात. त्याच्या पिढीनं ओगराळं पाहिलेलंच नाही. त्याला तो शब्द राक्षसाचाच वाटतो, आणि एवढ्या चांगल्या राक्षसाला पुन्हा पंगतीत पाठवायचं माझ्याही जिवावर आलं.

मग नकाशा काढला. ए४ कागद आडवा धरून मधून निळी नदी, दोन्ही बाजूंना पिवळं वाळवंट. नवऱ्याचं आयुष्य धरणांच्या कामात गेलंय. त्यानं चहाचा कप नेमका राजधानीवर ठेवला आणि विचारलं, “उगम कुठे आहे?”

“कुठे म्हणजे? कागद संपलाय तिथे.”

“म्हणजे हिला पाणी ए४ च्या बाहेरून येतं.”

“अरे, जादूचं जग आहे ते.”

“जादूचं असलं तरी पाणी उताराकडेच जातं.”

आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली. त्यातल्या निदान बारा वर्षांत हे वाक्य मी ऐकलेलं आहे, बाथरूमच्या फरशीपासून ते सासरच्या विहिरीपर्यंत. पण या वेळी माझ्या बाजूनं अख्खा इजिप्त उभा होता. मी म्हटलं, नाईल बघ. अटबारा नदी मिळाली की तिथून समुद्रापर्यंत तिला एकही मोठी उपनदी नाही, नुसतं वाळवंट. तरी वाहतेच ना? यावर तो खूश झाला आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. इंजिनिअरला उदाहरण देऊ नये. पुढची चाळीस मिनिटं मी इथिओपियाच्या पठारावर होते. तिथे आपल्यासारखाच पावसाळा असतो, निळ्या नाईलमधून ते पाणी गाळासकट खाली येतं, आणि ज्या देशात पाऊस जवळजवळ पडतच नाही तिथे भर उन्हाळ्यात पूर यायचा. आस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये पूर्ण झालं, आणि त्या धरणानं त्या पुराचं येणं थांबवलं. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं की अभिमान, ते मला अजून कळलेलं नाही.

“आणि त्या बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं पाणी कुठून येतं,” मी मुद्दा सोडला नाही. “आस्वानजवळ एलिफंटाइन बेटाखाली गुहा आहे, तिथून पूर निघतो, असं मानायचे. पुराचा देव हापी. पोट सुटलेला.”

पोट सुटलेल्या देवावर नवऱ्यानं शर्ट खाली ओढला आणि विषय तात्पुरता मिटला.

त्याच एलिफंटाइनवर नदीत उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. भिंतीवर खुणा आहेत. पूर कुठल्या खुणेपर्यंत चढला त्यावरून पीक किती येणार आणि कर किती घ्यायचा याचा अंदाज करायचे. रोमन लेखक प्लिनीनं तर त्याची पायरीवार यादीच दिलीय: पाणी १२ हात चढलं तर दुष्काळ, १३ हात तर भूक, १४ ला आनंद, १५ ला निश्चिंती, १६ ला सुखच सुख. मला हे इतकं आवडलं की झारा नगरीचा सगळा धर्म मी या पाण्याच्या मापाभोवती गुंडाळला. पहाटे महापुजारी नदीत उतरतो. हातात पवित्र वेळू. ओल कुठपर्यंत आली ते बघतो, वर येऊन घोषणा करतो, आणि त्या दिवशी नगरानं कसं वागायचं ते ठरतं.

मुलानं वाचलं. “आई, महापुजारी म्हणजे आपले वॉचमनकाका आहेत का?”

“छे!”

“मग त्यांच्या गळ्यात शिटी का आहे?”

काय सांगणार? मार्च लागला की आमच्या सोसायटीत वॉचमनकाका रोज पहाटे जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून काठी आत सोडतात. ओल बघतात, सेक्रेटरींना सांगतात, आणि सेक्रेटरी ग्रुपवर टाकतात: ‘आज दीड हात. कृपया गाड्या धुऊ नयेत.’ अर्ध्या हाताला शॉवर बंद. चार बोटांना एकमेकांशी बोलणं बंद. फरक एवढाच, की तिथे पाणी चढलं की कर चढायचा आणि आमच्याकडे पाणी उतरलं की टँकरची वर्गणी चढते. मी चार हजार वर्षं मागे जाऊन, परक्या खंडात, परक्या देवांमध्ये एक राज्य वसवायला निघाले होते. बी विंगच्या पलीकडे माझी मजल गेली नव्हती.

तरी मी हरले नाही. पंचांग केलं. इजिप्तचं वर्ष सुटसुटीत होतं: पूर, पेरणी आणि कापणी असे तीन ऋतू, प्रत्येकी चार महिने, महिना ३० दिवसांचा, आणि शेवटी उरलेले पाच दिवस पाच देवांच्या जन्माचे. मीही तसंच केलं, फक्त देव बदलले.

“पाचच दिवस जास्तीचे?” सासूबाई म्हणाल्या. “आमच्यात अख्खा महिना अधिक असतो. जावयाला अनारसे द्यावे लागतात.” मग थोडं थांबून, “त्यांच्यात जावयाला काय देतात?”

मला माहीत नव्हतं. अख्खी संस्कृती उभी केली होती, पण जावयाचा विचार केला नव्हता. सासूबाईंच्या मते ज्या संस्कृतीत जावयाचं काही ठरलेलं नाही, तिथे लोक फार दिवस एकत्र राहत नाहीत. त्यांनी बसल्या बसल्या खजुराचे अनारसे शोधून काढले, आणि खरं सांगते, त्या वहीत एवढी एकच गोष्ट अशी आहे की जी वाचून भूक लागते.

उंटांचं प्रकरण मात्र जिव्हारी लागलं. मी सैन्याला दोन हजार उंट दिले होते. चिरंजीवांचा एक मित्र आहे, चष्मेवाला, फार वाचतो. तो म्हणाला, “काकू, पिरॅमिड बांधले तेव्हा इजिप्तमध्ये सामान गाढवांवरून जायचं. उंट तिथे सर्रास वापरात आले ते कितीतरी शतकांनी.” मी घरी कुणाला न सांगता शोधलं. कार्टं खरं बोलत होतं. हरखुफ नावाच्या एका अधिकाऱ्याच्या आस्वानच्या थडग्यात कोरलेलं आहे, की तो दक्षिणेकडून धूप, आबनूस आणि हस्तिदंत लादलेली ३०० गाढवं घेऊन परत आला. थडग्यावर अभिमानानं गाढवांचा आकडा! आपल्याकडे गाढव आणि मिरवणूक एकत्र आलं की धिंडच आठवते.

“म्हणजे सेनापती ओगराळ गाढवावर?” मुलाचा आवाज चिरकला.

“इतिहासाला धरून आहे.”

“आई, पण तो क्रूर आहे!”

बरीच घासाघीस होऊन ओगराळ पायी चालतो, असं ठरलं.

सगळ्यांत कठीण प्रश्न मात्र कामाच्या मावशींचा होता. फरशी पुसता पुसता त्यांनी नकाशावरचा राजवाडा पाहिला. “ताई, एवढ्या खोल्या. पुसतं कोण?”

मी सेवक लिहिले होते. नुसतेच ‘सेवक’. पगार नाही, सुट्टी नाही, नावही नाही. लाज वाटून मी त्यांना ब्रिटिश म्युझियममधल्या एका दगडाबद्दल सांगितलं. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस, त्याच्या कारकिर्दीच्या ४०व्या वर्षातला कामगारांचा हजेरीपट आहे तो. राजांची थडगी खोदणारे लोक. कोण कधी आला नाही आणि का, ते लिहिलंय. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे दुखत होते. एक घरी बिअर करत होता. एकाला आईच्या मृतदेहाला कापड गुंडाळायचं होतं.

“लिहून ठेवायचे?”

“हो.”

“आन् पैसे कापायचे?”

“ते काही लिहिलेलं नाही.”

“मग चांगली माणसं होती,” मावशी म्हणाल्या आणि बादली पुढे सरकवली. मला एकदम मागच्या महिन्याचे दोन खाडे आठवले. मी विषय बदलायला गेले आणि आणखी खोलात शिरले: पुढे तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी त्याच वस्तीतल्या कामगारांना मजुरीचं धान्य वेळेवर मिळेना, तेव्हा ते काम टाकून देवळाजवळ जाऊन बसले.

“मिळालं मग धान्य?”

“मिळालं.”

“बसल्याबिगर मिळत नाही, ताई.”

त्या संध्याकाळी मी राजवाड्याच्या खोल्या चाळीसवरून नऊ केल्या. सेवकांना नावं दिली, आठवड्याची सुट्टी दिली. त्यामुळे खजिन्यात एवढी तूट आली की राणीनं युद्धच रद्द केलं. बँकेत असले आकडे मी रोज बघते. दुसऱ्याच्या राज्याचे असते तर कर्ज मंजूर केलं नसतं.

सांडपाण्याचं थोडक्यात सांगते, कारण नवऱ्यानं थोडक्यात सांगितलं नव्हतं. मोहेंजोदडोत विटांची झाकलेली गटारं होती, कच्छमधल्या धोलावीरात मनसर आणि मनहर या दोन हंगामी ओढ्यांचं पाणी वळवून मोठमोठ्या टाक्यांत साठवायचे, “आणि तुझ्या राजधानीत एक चेंबर नाही!” मी चेंबर काढली. सतरा.

रविवार उजाडला. वही ६४ पानांची झाली होती. पंचांग, देव, जावयाचे मान, करांचे दर, गाढवांची गणना, सतरा चेंबर. पाच पोरं गोल बसली. पोहे झाले. चिरंजीवांनी घसा साफ करून माझंच वाक्य वाचलं, “पहाटेच्या निळ्या प्रकाशात झारा नगरीचे दरवाजे हळूहळू उघडतात. तुम्ही काय करता?”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

“ही नदी येते कुठून?” चष्मेवाल्यानं विचारलं.

“कुणालाच माहीत नाही.”

“मग आपण तेच बघायला जाऊ. नगरात नको. नदीनं वर.”

“हो हो, वर!” बाकीचे ओरडले. फासा पडला, वीस आले, शिवाय सोफ्याखालीही गेला नाही. त्यांनी तीनशेतली चार गाढवं घेतली आणि माझ्या तीन आठवड्यांकडे पाठ फिरवून ती कार्टी दहा मिनिटांत कागदाच्या वरच्या कडेला येऊन थांबली. मुलानं माझ्याकडे पाहिलं. पुढे कागदच नव्हता.

आतल्या खोलीतून नवरा आला. त्याच्या हातात सेलोटेप, टोक केलेली पेन्सिल आणि एक कोरा ए४ कागद होता. कुणालाही न विचारता तो मांडी घालून पोरांच्यात बसला आणि कागद माझ्या वाळवंटाच्या माथ्यावर चिकटवू लागला.

“डोंगर मी काढतो,” तो म्हणाला. “तू उगाच टेकड्या काढशील.”

“वाटेत खायला काय देतेस त्यांना?” सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.